चषकाला पैसा आहे, चेंडूला नाही

फायनलच्या दिवशी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर या. गेटापासून कठड्यापर्यंत फ्लेक्स लागलेले असतात. एकेका फ्लेक्सवर दहा-बारा चेहरे आणि त्यात खेळणारा एकही नाही. बाजूला मांडव, मांडवात सोफे, सोफ्यांपुढे टेबलावर कमरेएवढा चषक. विजेत्याला लाखाच्या घरातलं बक्षीस, सामनावीराला वेगळं, उत्कृष्ट गोलकीपरला वेगळं. शेवटची शिट्टी वाजली की फटाके, आणि पेठेत मध्यरात्रीपर्यंत गुलाल.

मग तीन-चार दिवसांनी सकाळी सहाला त्याच विजेत्या संघाच्या सरावाला जा. पंचवीस पोरं आणि पाच चेंडू. एकाची शिलाई उसवलेली, दुसऱ्यात पहाटे भरलेली हवा सातपर्यंत निघून जाते. गोलला जाळी नाही, म्हणून प्रत्येक शॉटनंतर एक पोरगं चेंडू आणायला रस्त्यापर्यंत पळतं. किपरच्या हातमोज्याला चिकटपट्टी लावलेली. रेघा आखायच्या फक्कीचं पोतं सेक्रेटरीनं स्वतःच्या मोटारसायकलवरून आणलेलं, स्वतःच्या पैशानं.

आपल्या क्लब फुटबॉलचं सगळं दुखणं या दोन दिवसांच्या मधे आहे. ‘खेळाला पैसाच नाही’ हे रडगाणं मला आता ऐकवत नाही, कारण ते खरं नाही. पैसा भरपूर आहे. तो फायनलच्या दिवशी येतो आणि फायनलच्या रात्री संपतो. चषकाला मिळतो, चेंडूला मिळत नाही. चषकावर देणाऱ्याचं नाव कोरता येतं, म्हणून.

कोल्हापूरचं उदाहरण घेतो, कारण महाराष्ट्रात जिथं फुटबॉल अजून गल्लीच्या मालकीचा आहे असं हे शहर आहे. राजर्षी शाहूंनी कुस्ती वाढवली, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, उभी राहिली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, फुलेवाडी, उत्तरेश्वर ही संघांची नावं कोल्हापुरात आजोबा, बाप आणि नातू एकाच आवाजात घेतात. वरिष्ठ गटात सोळा संघ, त्याखाली आणखी गट. दिवाळीनंतर हंगाम तापतो तो पावसाच्या तोंडापर्यंत. मोठ्या सामन्याला दुपारीच शटर खाली येतं आणि माणूस दुकानाच्या चाव्या खिशात टाकून स्टेडियम गाठतो. एवढं प्रेम महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहरानं फुटबॉलवर केलेलं मला माहीत नाही.

आणि एवढ्या प्रेमाचा सगळा भार प्रत्येक तालमीत तीन-चार माणसांच्या खांद्यावर आहे. अध्यक्ष वेगळा, तो फ्लेक्सवर असतो. मी बोलतोय ते सेक्रेटरी, कोच, आणि ज्याला सगळी पोरं मामा म्हणतात त्या किट सांभाळणाऱ्या माणसाबद्दल.

सेक्रेटरीचा दिवस बघा. सकाळी सराव. मग स्वतःची नोकरी, नाहीतर गॅरेज, नाहीतर चहाची गाडी. दुपारी एका खेळाडूच्या कारखान्यातल्या सुपरवायझरला फोन, ‘साहेब, पोराची उद्या मॅच आहे, दुपारची सुट्टी तेवढी द्या.’ संध्याकाळी वर्गणीची वही घेऊन पेठेत फेरी. रात्री ऑनलाइन नोंदणीच्या पानावर आधार कार्ड, जन्मदाखला, फोटो चढवणं. फोटोची साइज जास्त झाली की पान पुन्हा पहिल्यापासून. खेळाडूंची नावनोंदणी आता देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या केंद्रीय प्रणालीत होते आणि ते योग्यच आहे. पण ती करणारा माणूस चाळीशीचा फिटर असतो, मोबाईलच्या पाच इंची पडद्यावर ती करतो, आणि एखाद्या पोराच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघालं तर त्याच्या शाळेत, मग महापालिकेत, मग पुन्हा शाळेत तोच जातो.

मॅच झाली की घामानं, मातीनं भरलेल्या बावीस जर्सी पोत्यात भरून घरी जातात. त्या कोण धुतं? बहुतेक तालमींत त्या सेक्रेटरीच्या नाहीतर मामाच्या घरी धुतल्या जातात, आणि त्या घरातली बाई धुते. गुडघ्यावर घासल्याशिवाय लाल माती निघत नाही. गच्चीवरच्या तारेवर एक ते बावीस नंबर वाळत पडलेले असतात आणि घरच्यांचे कपडे आत खोलीत, पंख्याखाली. या बाईला आजवर एकाही बक्षीस समारंभात नारळ मिळालेला मी पाहिलेला नाही. फ्लेक्सवर जागा द्यायची असेल तर पहिला फोटो तिचा लावा.

आता मैदान. नियमानं फुटबॉलचं मैदान ९० ते १२० मीटर लांब आणि ४५ ते ९० मीटर रुंद असतं. एवढी मोकळी जागा वर्षभर, रोज दोन तास, हक्कानं कुठल्या तालमीला मिळते? शाहू स्टेडियम सामन्यांसाठी. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं ते आठवडेच्या आठवडे उतरत नाही, आणि दर वर्षी त्याच बातम्या, तेच फोटो, तीच आश्वासनं. तपोवन, मेरी वेदर या मैदानांवर कधी प्रदर्शन, कधी सभा, कधी मेळावा. मांडव निघाला की मागे उरतात खिळे, काचा आणि खड्डे. मांडवाचं भाडं वसूल होतं, खड्डे बुजवायला मात्र तालमीची पोरं येतात. पहाटे हातानं खिळे वेचणारी चौदा-पंधरा वर्षांची पोरं मी पाहिली आहेत. सरावाआधीचा त्यांचा पहिला व्यायाम तोच.

खडकाळ मैदानावर चेंडूचं काय होतं ते सांगतो. नियमाचा पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. मुरूम आणि खडीवर दोन महिने घासला की वरचं आवरण सोलतं, पाणी पितो, फुगतो, एका बाजूला झुकतो. पोरं मग त्या झुकणाऱ्या चेंडूवर ट्रॅपिंग शिकतात. उड्या वेड्यावाकड्या येतात म्हणून मान खाली घालून खेळायची सवय लागते, पास देताना समोर बघायची सवय लागत नाही. पुढे पुण्यात बालेवाडीला निवड चाचणीत गवतावर नवा चेंडू पायात आला की पहिला स्पर्शच चुकतो, आणि निवडणारा लिहितो, ‘तंत्र कच्चं.’ तंत्र कच्चं नाही हो, मैदान कच्चं आहे.

ज्यांना परवडतं ते तासाला हजार-बाराशे मोजून टर्फ घेतात. टर्फ वाईट नाही, पोरांना तेवढीच मऊ जमीन मिळते. पण ते पाच-सात जणांच्या खेळाचं. त्यावर कॉर्नर मारता येत नाही, विंगनं पळता येत नाही, ऑफसाइडची रेघ धरायला बचावफळी शिकत नाही. अकरा जणांचा खेळ अकरा जणांच्या मैदानावरच शिकावा लागतो.

पैशाचा एक साधा हिशोब मांडतो. सरावानंतर प्रत्येक पोराला दोन उकडलेली अंडी द्यायची. पंचवीस पोरं, पन्नास अंडी, सात रुपयांप्रमाणे दिवसाचे साडेतीनशे. महिन्यात चोवीस दिवस सराव धरला तर ८,४००. सहा महिन्यांच्या हंगामाचे ५०,४००. म्हणजे एका विजेतेपदाच्या बक्षिसाच्या निम्म्या रकमेत एका पूर्ण संघाची हंगामभराची अंडी होतात. आमच्या पेठांत असे संघ आहेत की जिथं पोरगं सकाळी चहा-बटर खाऊन दीड तास पळतं आणि तसंच कामावर जातं. मार्चच्या उन्हात साठाव्या मिनिटाला त्याच्या पायात गोळे येतात तेव्हा गॅलरीतून ओरडा होतो, ‘दम नाही गड्याला!’ दम कुठून येणार?

आणि दुखापत. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की खासगी दवाखान्यात ऑपरेशनला दीड-दोन लाख सहज जातात, वर सहा ते नऊ महिने घरी बसणं, रोजच्या फिजिओथेरपीचा खर्च वेगळा. क्लबकडे विमा नसतो. असला तर बहुधा अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचा, दवाखान्याच्या बिलाचा नाही. मग व्हॉट्सअॅपवर पोराचा फोटो आणि क्यूआर कोड फिरतो. पेठ मदत करते, मनापासून करते, ते मी नाकारत नाही. पण ज्या खेळात पाय मोडतोच, त्यात पाय मोडल्यावर झोळी फिरवायची हे व्यवस्थापन नव्हे. हंगामाच्या सुरुवातीला सोळा संघांच्या सगळ्या खेळाडूंचा एकत्रित गट विमा, दवाखान्याच्या खर्चासकट, उतरवला तर माणशी हप्ता कमी बसेल. हे काम एका तालमीचं नाही, संघटनेचं आहे, आणि ते याच हंगामात व्हायला हवं.

परदेशी खेळाडूंचं बोलायलाच हवं. नायजेरियातून आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतून आलेले खेळाडू कोल्हापुरात खेळले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, काहींनी मराठी शिव्यासुद्धा शिकून घेतल्या. माझा त्या खेळाडूंवर राग अजिबात नाही. परक्या गावात खोली घेऊन, आमटी-भात खाऊन ते पोटासाठी खेळतात. माझा आक्षेप हिशोबाला आहे. त्यांचं मानधन, खोलीचं भाडं, जेवण, येण्याजाण्याचा खर्च, व्हिसाची कागदपत्रं, चोवीस तासांत भरायची परदेशी नागरिकाची माहिती, पोलीस ठाण्याच्या चकरा. या सगळ्यासाठी देणगीदार पुढे येतो, कारण सेमीफायनल जिंकायची असते. त्याच देणगीदाराकडे तेरा वर्षांखालच्या संघासाठी वीस बूट मागा. ‘पुढच्या वर्षी बघू.’ गेली कित्येक वर्षं ते पुढचं वर्ष उजाडलेलं नाही. आणि पेठेतला अठरा वर्षांचा स्ट्रायकर बेंचवर बसून दोन हंगाम घालवतो, तिसऱ्या हंगामात कुरिअरच्या गाडीवर दिसतो.

खेळाडूंची पळवापळवी हा याच दुखण्याचा दुसरा भाग. नोंदणीच्या दिवसांत एका तालमीनं दहा वर्षं वाढवलेलं पोरगं दुसरी तालीम रोख रक्कम देऊन नेते. पोरानं जावं, त्याचा हक्क आहे, त्याच्या घरी पैशाची गरज असते. पण ज्यांनी त्याला वाढवलं त्यांच्या हातात काय? काहीच नाही. मग तालमीतला माणूस म्हणतो, पोरं वाढवायची कशाला, तयारच आणू. एकदा हे गणित डोक्यात बसलं की तळातला संघ बंद पडतो.

जगात यावर उपाय आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून बदली झाली की त्या रकमेचे पाच टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. २०२२ पासून त्यासाठी फिफाचं क्लिअरिंग हाऊस चालू झालं आहे. अशी बदली कोल्हापूरच्या पोराच्या वाट्याला रोज येणार नाही, हे मलाही कळतं. मुद्दा नोंदीचा आहे. बाराव्या वर्षी पोरगं कुठल्या तालमीत होतं हे कागदावर नसेल तर उद्या ते कितीही मोठं झालं तरी तालमीच्या हाती शून्य. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळला, पुढे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) गेला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं त्याला घडवलं. त्याच्यासारखी किती पोरं दहा-बारा वर्षांची असताना आपल्या गल्लीत खेळतात आणि त्यांचं नाव कुठल्याच वहीत नसतं? नोंदणीला पैसा कमी लागतो. लागतो तो बसून फॉर्म भरणारा माणूस.

आता सगळ्यात कडू गोष्ट, हाणामारी. मोठ्या दोन तालमींचा सामना म्हणजे बाहेर पोलिसांच्या गाड्या, आत दंगल पथक. बाटल्या, चपला, कधी दगड. पंचाला आईवरून शिव्या. पंच दोन-पाचशे रुपयांच्या मानधनासाठी आलेला आपल्यातलाच माणूस असतो, दुसऱ्या दिवशी तो तुमच्याच मुलाला शाळेत पीटी शिकवतो. गोंधळ झाला की सामना बंद, स्पर्धा बंद, परवानगी बंद, आणि दोन्ही क्लबांचा हंगाम वाया. याची किंमत दगड मारणारा मोजत नाही, सेक्रेटरी मोजतो. तोच पोलीस ठाण्यात रात्री दोनपर्यंत बसतो.

आणि पोरांची किंमत त्याहून मोठी. आमच्या भागात निम्मी पोरं पोलीस आणि लष्कर भरतीची तयारी करतात. पहाटेची धाव त्यासाठीच असते. एका दुपारच्या जोशात नाव गुन्ह्यात आलं की चारित्र्य पडताळणीत ते वर येतं. मैदानी चाचणीत पूर्ण गुण मिळवलेलं पोरगं एका दगडापायी बाहेर बसतं. ज्यांनी त्याला व्हॉट्सअॅपवर ‘आज दाखवून द्यायचं’ म्हणून चिथावलं ते कुठं असतात? त्यांची नावं कुठल्याच कागदावर नसतात. तालमीच्या ज्येष्ठांनी हे थांबवलं पाहिजे, आणि ते थांबवू शकतात. पेठेत अजून म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला मान आहे. तो शब्द सामन्याच्या आदल्या रात्री वापरा, दुसऱ्या दिवशी जामिनासाठी वापरू नका.

एवढ्या अडचणी, तर मग कंपन्यांनी, मालकांनी क्लब चालवावेत, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी जरा मागे वळून बघावं. महिंद्रा युनायटेडनं देशातल्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या, २०१० मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तीन मातब्बर क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. २०२५ च्या जुलैत तर खुद्द आयएसएलच बेमुदत थांबल्याची घोषणा झाली, आणि कोट्यवधींचे करार असलेले खेळाडू घरी बसले. मालकाचं मन फिरलं की क्लब संपतो. पेठेचं मन फिरत नाही. दिलबहार आहे, खंडोबा आहे, पाटाकडील आहे. ज्या गोष्टी इतकी वर्षं टिकल्या त्यांना मोडकळीला येऊ देणं हा करंटेपणा आहे.

सरकारबद्दल थोडक्यात. १५ सप्टेंबर २०१७ ला ‘मिशन वन मिलियन’ म्हणून एका दिवसात राज्यातल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरलं, शाळांना चेंडू वाटले, फोटो निघाले. दिवस संपला. १४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला आणि त्याच्या साक्षीनं ‘महादेवा’ योजनेतल्या तेरा वर्षांखालच्या तीस मुलांचं आणि तीस मुलींचं कौतुक झालं. त्या साठ पोरांचं भलं होवो, मनापासून म्हणतो. पण साठ पोरं निवडायला आधी साठ हजार पोरं रोज खेळावी लागतात, आणि ती मेस्सी आलेल्या संध्याकाळी खेळत नसतात. ती कोल्हापूरच्या, सांगलीच्या, नागपूरच्या, मुंबईतल्या वस्त्यांच्या मैदानांवर, मामानं हवा भरलेल्या चेंडूवर खेळतात. एका समारंभाच्या मांडवाच्या खर्चात किती गोलना जाळ्या बसतील, याचा हिशोब क्रीडा खात्यानं एकदा करावा.

कंपन्यांच्या पैशाचा रस्ता मात्र खुला आहे आणि आपण तो वापरत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत खेळाचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. कोल्हापुरात फौंड्र्या आहेत, साखर कारखाने आहेत, कापडाचे उद्योग आहेत. पण पैसे घ्यायला संस्था रीतसर नोंदलेली लागते, दर वर्षीचं ऑडिट लागतं, धर्मादाय कार्यालयात नवीन कार्यकारिणीची नोंद लागते, प्राप्तिकर खात्याची प्रमाणपत्रं लागतात, सीएसआर-१ चा फॉर्म लागतो. बऱ्याच तालमींच्या दप्तरी अजून आधीच्या पिढीतले विश्वस्त आहेत, त्यातले काही हयात नाहीत. सोळा तालमींनी मिळून एक सनदी लेखापाल धरला तर वर्षभरात सगळ्यांची कागदपत्रं सरळ होतील. एकमेकांशी मैदानावर भांडा, कागदासाठी एका टेबलावर बसा.

मुलींचा संघ काढायचा म्हटलं की अजून लोक कपडे बदलायची खोली कुठं आहे असं विचारून विषय मिटवतात. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्याचे काही सामने नवी मुंबईत आणि गोव्यात झाले. त्या गोष्टीला वर्षं उलटली. खोली बांधा. चार भिंती, एक नळ, एक कडी. तेवढ्यानं पुढच्या पाच वर्षांत पेठेतल्या किती पोरी खेळतील ते बघा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जो चषक भरवतो त्यानं एकूण खर्चाचा चौथा हिस्सा मैदान आणि लहान गटावर खर्च करावा आणि तो हिशोब फायनलच्या दिवशी माइकवरून वाचून दाखवावा. फ्लेक्सवर त्याचा फोटो तेव्हा खुशाल लावा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. संघटनेनं वरिष्ठ गटात खेळायला एक अट घालावी: तेरा वर्षांखालचा नोंदणीकृत संघ नसेल तर प्रवेश नाही. आशियाई पातळीवर क्लबांना परवाना देताना युवा संघाची अट असते, मग आपल्याकडं का नको? महापालिकेनं एक मैदान, फक्त एक, वर्षभर खेळासाठी राखावं, तिथं मांडवाला परवानगी देऊ नये आणि पाण्याचा निचरा नीट करावा. प्रत्येक तालमीनं दर तीन वर्षांनी नवा सेक्रेटरी तयार करावा, म्हणजे जुन्याला थोडा श्वास घेता येईल. त्याची मुलं मोठी होतात आणि बापाला मैदानावरच बघतात, घरी नाही.

आणि तुम्हाला, गॅलरीत बसणाऱ्यांना. तुमचा आवाज मोठा आहे, तो मी ऐकलेला आहे, अख्खं शहर ऐकतं. गणपतीच्या, शिवजयंतीच्या वर्गणीची पावती घेऊन कार्यकर्ता दारात आला की त्याला पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा. ‘आपल्या तालमीचा तेरा वर्षांखालचा संघ आहे का, आणि तो रोज किती वाजता कुठं सराव करतो?’ उत्तर मिळालं तर ठरवलं होतं त्याच्या दुप्पट द्या. नाही मिळालं तर पावती परत करा आणि सांगा, संघ उभा करून या.